बीदर, भालकीसह

जनावर विकण्यात आमच्या आजोबांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ते देवणी गोऱ्हे घेऊन उभे राहायचे. गिऱ्हाईक बीदरकडचं. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तोंडाने मात्र दोघंही पाऊसपाण्याचं बोलत असायचे. बाजाराची पावती फाटली की कासरा ह्या हातातून त्या हातात, आणि बैल पलीकडच्या गोठ्याकडे रवाना. आजोबांना बैलावरचा बँकेचा बोजा कधी उतरवावा लागला नाही, बैलाचा चेसी नंबर पेन्सिलीने उमटवून घ्यावा लागला नाही, आणि विकलेल्या बैलाने हैदराबाद रस्त्यावर काही आगळीक केली म्हणून त्यांच्या नावावर कधी दंड आला नाही.

हे रक्त आपल्याही अंगात आहे अशी माझी समजूत होती. म्हणून घरची व्हॅन विकायची ठरली तेव्हा मी एजंट लावला नाही.

त्यात मी पेशाने मास्तर, तोही इतिहास-नागरिकशास्त्राचा. राज्य पुनर्रचनेचा धडा झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याची तीन शकलं झाली : मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले. त्याआधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, म्हणजे आजोबा बैल विकायचे ते आपल्याच जिल्ह्यात. किनवट आदिलाबादकडून नांदेडला आलं, मुधोळ नांदेडकडून तिकडे गेलं. हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवतो. लाल रेघेच्या अलीकडे उदगीर, पलीकडे भालकी. तास संपला की डस्टरने रेघ पुसायची. त्या रेघेशी माझा संबंध आला होता तो एवढाच.

व्हॅन म्हणजे मारुती ओम्नी. कंपनीने ती २०१९ साली बंद केली. आमच्याकडे तिला ओम्नी कुणी म्हणत नाही, व्हॅनच म्हणतात. २०१२मध्ये नांदेडला घेतली, एमएच २६. इंजिन ७९६ सीसीचं आणि तेही पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात नांदेडचं ऊन वरून आणि मारुतीची वाफ खालून, असा चालक मधल्या मधे शिजून निघतो. सरकता दरवाजा आतल्याला लावता येत नाही आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. आधी लेकीच्या, मग लेकाच्या शिक्षणासाठी आम्ही नांदेड सोडून लातूरला आलो. लातूर पॅटर्नसाठी मराठवाडाभरातून लोक येतातच, पण नांदेडकराने लातूरला यायचं म्हणजे जरा मान खाली घालूनच यावं लागतं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर मी नांदेडात असताना बरंच तावातावाने बोललेलो होतो.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मागचा बाक काढून आम्ही ह्याच व्हॅनमधून पाण्याचे कॅन वाहिले. पुढे मुलं बाहेरगावी गेली आणि व्हॅन गल्लीत उभी राहिली. तिच्याखाली मांजर व्यायली. शेजाऱ्यांनी काचेवरच्या धुळीत बोटाने ‘विकणे आहे’ असं लिहिलं. ते वाचून मला कल्पना सुचली.

गिऱ्हाईक आलं ते भालकीचं. अण्णा आचारी. लग्नसराईत अलीकडे चाकूरपासून पलीकडे हुमनाबादपर्यंत त्यांच्या भट्ट्या पेटतात. मराठी आपल्याइतकंच बोलतात, पण हिशेब कानडीत करतात. त्यामुळे घासाघीस चालू असताना ते मनाशी कुठल्या आकड्याला आलेत, हे कळायची मला काही सोय नव्हती. उपरण्याशिवायच त्यांचं उपरणं चालू होतं.

“सर, हिच्यात चाळीस लिटरची पातेली किती बसतेल?”

मी आत वाकून लांबी-रुंदी मोजली आणि पातेल्याचा व्यास विचारला. मी गणितात अडकलेला असताना अण्णांनी टायरला पाय लावून पाहिला, दरवाजा ओढून पाहिला, तो निघाला नाही म्हणून पाच हजार कमी केले, मग तो निघाला आणि परत लागेना म्हणून आणखी पाच कमी केले. एक लाख दहाला मागितलेली व्हॅन पंच्याऐंशी हजारांना गेली. वर “पोराच्या लग्नाचं जेवण मपल्याकडं,” हा शब्द. पोरगा अजून वसतिगृहात आहे.

कागदपत्रांचं मी अगदी नीट केलं. टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०वर, जिथे जिथे फुली होती तिथे तिथे सह्या ठोकल्या. बाकीचे रकाने कोरे ठेवले, कारण अण्णा म्हणाले, “ते आमच्याकडं भरतेत.” नुकतेच शंभराचे बॉण्ड जाऊन पाचशेचे आले होते, म्हणून बॉण्डचा विचार सोडला आणि शाळेच्या फुलस्केपवर रेव्हेन्यू तिकीट लावून डिलिव्हरी नोट लिहिली. ‘आज रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांपासून सदर वाहनाच्या सर्व बऱ्यावाईटाची जबाबदारी घेणार यांची राहील.’ एखादा तह लिहावा अशा अक्षरात लिहिली. अण्णांनी सही केली आणि ती नोट घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवली. माझ्याकडे प्रत नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा व्हॅन औसा रोडवरून कधीच दिसेनाशी झाली होती.

शेजारचे काका दारात उभे होते. “रेल्वे बीदरला दिली, आता व्हॅनबी दिलाव का सर?” लातूरकराच्या मनातून ते दुखणं अजून गेलेलं नाही. २०१७ साली मुंबईची लातूर एक्सप्रेस आठवड्यातून तीन दिवस बीदरपर्यंत नेली, तेव्हा गावात आंदोलनं झाली होती. मी म्हटलं, काका, व्हॅनमध्ये तुमचं रिझर्व्हेशन नव्हतं.

पुढचे काही महिने फार सुखाचे गेले. म्हणजे माझे. बायकोने एका रविवारी मोबाइल माझ्यासमोर धरला.

“परवा पहाटे चार वाजता तुम्ही हैदराबाद रस्त्यावर काय करत होता?”

“मी? मी इथे झोपलेलो होतो.”

“मग टोलचे पैसे कुणाचे गेले?”

काचेवरचा फास्टॅग काढायचा राहिला होता. आता सरळ माणसाने त्याच दिवशी तो बंद केला असता. पण मला त्यात गोडी वाटायला लागली. मेसेज आला की आज अण्णांचं काम झहीराबादकडे आहे हे कळायचं. जाताना रात्री, येताना दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे लग्न सकाळच्या मुहूर्ताचं. लगोलग दोन खेपा झाल्या की वऱ्हाड जास्त आलेलं दिसतंय, असं मी घरात जाहीर करायचो. मधे एकदा ‘शिल्लक कमी आहे’ असा मेसेज आला आणि मी सवयीने पाचशे रुपये भरून टाकले. बायकोने त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

मग ई-चलन आलं, फोटोसकट. पलीकडच्या राज्यातला रस्ता, माझी व्हॅन, नंबर ठळक. चालवणाऱ्या पोराने सीट बेल्ट लावलेला नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर एक भलंमोठं पातेलं, आणि त्या पातेल्याला मात्र सीट बेल्ट व्यवस्थित लावलेला.

मी अण्णांना फोन केला.

“सर, त्या पातेल्यात रस्सा व्हता,” अण्णा म्हणाले. “रस्सा सांडला तर लग्नात भांडण व्हतंय. पोराला काय व्हतंय?”

वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांना मी हे चलन गंमत म्हणून दाखवायला नेलं. त्यांनी हसावं अशी अपेक्षा होती.

“गाडी कुणाच्या नावावर आहे?”

“विकली मी ती.”

“विकली हो. नावावर कुणाच्या आहे?”

मोटार वाहन कायदा १९८८चा आहे. मी नागरिकशास्त्र शिकवायला लागलो त्याच्याही आधीचा. त्याचं कलम ५० त्यांनी मला वाचून दाखवलं. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचं. परराज्यात गेली तर ४५ दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, तिकडच्या कार्यालयाकडे पोचवायचं. आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. नोंद बदलेपर्यंत कागदावरचा मालक तोच मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं : गाडी एकामागून एक अनेक हातांत फिरली, शेवटच्याकडे असताना अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदवहीत नाव राहिलेल्या पहिल्या माणसावर.

“पण गाडी फक्त भालकीला गेली आहे.”

“भालकी कुठल्या राज्यात?”

हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला विचारायचा नसतो. मी सुरुवात केली. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, महाराष्ट्राचा २००४चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, २०२२च्या डिसेंबरात विधिमंडळाने ८६५ गावांसाठी केलेला ठराव. त्यात बीदर, भालकी दोन्ही आहेत. वकीलसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“छान,” ते म्हणाले. “त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही फॉर्म २८ भरा.”

  

आधी अण्णांनाच राजी करायचं होतं. त्यांना नाव बदलायची घाई नव्हती. “एमएच नंबर लकी हाय सर. सीझन भारी गेला.” खरी गोम निराळी होती. कर्नाटकात नोंदणी करायची तर तिकडचा लाइफ टॅक्स भरायचा, आणि गाडीची नोंदणी संपते २०२७ला, म्हणजे पंधरा वर्षं भरली की पुन्हा तपासणी. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, हे मी त्यांना कलम ४७ सांगून पटवायला गेलो. ते म्हणाले, “सर, बारा म्हैने कुठं एका जागी ऱ्हातीय ती? आज हितं, उद्या तिथं.” शेवटी टॅक्सचा निम्मा वाटा मी उचलायचं कबूल केलं. पंच्याऐंशीतले किती उरले ते मी बायकोला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही, ती हे वाचणार आहे.

अर्ज ऑनलाइन. पहिल्याच पायरीला ओटीपी, आणि तो जाणार २०१२ साली दिलेल्या मोबाइल नंबरवर. ते सिम मी केव्हाच टाकून दिलं होतं. नंबर लावून पाहिला तर किनवटकडच्या कुणी गृहस्थाने उचलला.

“दादा, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या माणसाने मला जे ऐकवलं ते मी स्वतः दरवर्षी शाळेच्या सायबर सुरक्षा सप्ताहात मुलांना सांगतो, जवळजवळ त्याच क्रमाने. माझी पद्धत जरा मवाळ असते. शेवटी त्यांनी विचारलं, “शिकलेला दिसतोस, काही कामधंदा का करत नाहीस?”

नंबर बदलून घेण्याची रीतसर सोय असते आणि ती झालीही. मग बोजा. आरसी बुकावर बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज फिटून जमाना झाला होता, बँकेने त्याच वेळी फॉर्म ३५ आणि पत्र दोन्ही बिनबोभाट हातात दिलं होतं, आणि मी ते इतकं जपून ठेवलं होतं की कुठल्याच कार्यालयाच्या नजरेस पडू दिलं नव्हतं. पत्र आता जुनं झालं म्हणून नवं आणलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या पोर्टलवरून गाडी चोरीची नाही असा दाखला काढला. तो छापून हातात आला त्या दिवशी अण्णा सकाळपासून फोन उचलत नव्हते. गाडी नेमकी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, पण ती चोरीला गेलेली नाही याचा सरकारी कागद माझ्याजवळ होता.

त्यानंतर नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची, ती नसेल तर मालकी बदलण्यासारखी कामं अडतील, असं परिवहन खात्याने सांगितलेलं. चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. म्हणजे व्हॅनला एमएच २६ची नवी पाटी लावायची, कशासाठी, तर तिला केए नंबर मिळावा म्हणून. आणि ही पाटी महाराष्ट्रातच बसणार. अण्णांना म्हटलं, उदगीरला या.

उदगीरला अण्णा आले ते कमालनगरच्या एका लग्नावरून थेट. बाक नव्हताच. आत झारे, परात, दोन सिलिंडर आणि झोपलेला एक पोरगा. हाच तो चलनातला. व्हॅनला आता मारुतीचा वास येत नव्हता, मसालेभाताचा येत होता. पाटी बसवणाऱ्या मुलाने लॉक ठोकलं, ते एकदाच बसतं आणि काढायचं तर तोडावं लागतं. तो अभिमानाने म्हणाला, “आता ही जन्मात निघत न्हाई.” मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आभाळाकडे पाहत होते.

त्याच जागी चेसी प्रिंटही घ्यायचा होता. गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या सतरा अक्षरी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला नंबर फॉर्म २८वर द्यायचा. बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर हल्ली बारा आकडे असतात, आणि ते चालता चालता वाचता येतात. इथे मेकॅनिकने आधी टॉर्च मारला, मग फडकं मारलं, मग रॉकेलचं फडकं. नंबर काही दिसेना. हळद, तिखट आणि तेल मिळून त्या पत्र्यावर एक थर बसला होता, तो त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला. हाताला लागलेलं अण्णांनी हुंगून पाहिलं आणि म्हणाले, “औरादचं लगीन.” मग मी गुडघ्यावर बसून कागद लावला आणि शाळेची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासू लागलो. आधी नुसतं करडं, मग एम, मग ए, मग तीन. एकेक अक्षर पांढरं होऊन वर येत होतं. चौदापर्यंत सगळं उत्तम. पंधरावं आठ की बी, यावर मेकॅनिक, पोरगा आणि रस्त्याने जाणारे दोघं यांच्यात मतभेद झाले. आरसी बुक काढून बघावं हे कुणालाच सुचलं नाही. मग सुचलं. आठ होता. कागदावर तेलाचा एक गोल डाग पडला, तो पुढे सगळ्या प्रतींवर झिरपला.

नांदेडची नोंदणी म्हणजे नांदेडलाच अर्ज. लातूर-नांदेड एसटीने जाताना अहमदपूर, लोहा यांच्या मधे माळेगाव लागतं. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते, घोडी, गाढवं, उंट कुठून कुठून येतात आणि कुठे कुठे जातात. मी गेलो तेव्हा मैदान रिकामं होतं. खिडकीतून पाहताना शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काय विकायला निघालात? मी म्हटलं, विकून झालंय, आता परवानगी काढतोय.

कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म पाहिले, तेलाचा डाग पाहिला, काही बोलल्या नाहीत. चलन भरलेलं आहे का बघितलं, टॅक्स बघितला. नियमाप्रमाणे ३० दिवसांत हो किंवा नाही कळवायचं असतं, त्यांनी त्याच्या कितीतरी आधी कळवलं. एनओसी हातात आली तेव्हा मी ती वाचलीसुद्धा नाही, पिशवीत घातली आणि स्टॅण्डवर जाऊन दोन भजी प्लेट खाल्ल्या. एजंटाशिवाय! हे वाक्य मी त्या आठवड्यात लातूरमध्ये बऱ्याच लोकांना ऐकवलं. काहींना दोनदा.

एनओसी घेऊन भालकीला मी सपत्नीक गेलो, कारण अण्णांनी जेवायचं बोलावलं होतं. एसटीत बायकोला अर्धं तिकीट पडलं. पलीकडच्या बसमध्ये बायकांना तिकीटच नाही हे तिला माहीत होतं, फक्त ते कर्नाटकातल्या बायकांना, हे कंडक्टरने आधार कार्ड बघून सांगितलं. तिने पूर्ण तिकीट काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू १९५६ साली रेघ मीच ओढली होती.

जेवण मात्र काय सांगावं! अण्णांनी आमच्या दोघांसाठी पन्नास माणसांचा अंदाज धरला होता. त्यांना कमी करता येत नाही. जेवून सुस्तावलेल्या अंगाने आम्ही भालकीच्या परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने एनओसी हातात घेतली, एकदाच नजर फिरवली आणि परत सरकवली.

“सर, हे बीदरला आहे.”

“हो ना. बीदर जिल्हा.”

“बीदर केए ३८. आम्ही केए ३९. भालकीचं ऑफिस अलग आहे.”

बसवकल्याणचंही अलग आहे, केए ५६. अर्ज भरताना पडद्यावर ह्या सगळ्या कार्यालयांची यादी उघडली होती. मी पहिल्या ओळखीच्या नावावर बोट ठेवलं होतं. भालकी तालुका, बीदर जिल्हा, हे मी मुलांना नकाशात दाखवतो. लहानपणी आमच्या शाळेच्या प्रभातफेरीत घोषणा असायची : बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. हजार वेळा दिली असेल. बीदर वेगळं, भालकी वेगळं, मधे स्वल्पविराम. घोषणेतच सांगितलेलं होतं.

एनओसी एकदा निघाली की गाडीची नोंद कुलपात जाते. ती रद्द करून नवी काढायची, तर ज्याच्या नावाने निघाली त्या कार्यालयाचं पत्र लागतं, की ही गाडी आमच्याकडे नोंदलेली नाही. म्हणजे बीदरला जायला हवं. बायको अण्णांच्या घरीच थांबली, म्हणाली संध्याकाळी येताना घेऊन जा, नाहीतर नका नेऊ. आणि अण्णा म्हणाले, “बसनं कशाला सर? गाडी हाय की.”

तर मी माझ्या व्हॅनमध्ये, दोन सिलिंडरांच्या शेजारी, पातेल्याच्या जागी बसून बीदरला गेलो. वाटेत सीट बेल्ट लावायला घेतला तर तो निघेना, पातेल्याच्या मापाचा करून त्याला गाठ मारलेली होती. बीदरच्या किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले तेव्हा अण्णांनी विचारलं, “सर, तुम्ही हिस्ट्रीचे ना? हा कुणी बांधला?” मी बहमनींवर बोलू लागलो. १४२०च्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून इथे आली वगैरे. बहमनींचं राज्य फुटून त्याची पाच शकलं झाली, त्यांतल्या बरीदशाहीपर्यंत आलो तेव्हा कार्यालय आलं.

तिथले साहेब भले माणूस. मराठी, कानडी, दखनी, तिन्ही भाषांत माझी हकीकत त्यांनी समजून घेतली आणि तिन्ही भाषांत हसले. संगणकात नंबर टाकून पाहिला, अर्ज घेतला, पत्र टाइप करवलं, आणि मला मराठीत अर्थ सांगितला : वाहन क्रमांक एमएच २६ अमुक तमुक हे आजतागायत या कार्यालयात आलेले नाही. खाली सही. शिक्का मारायला त्यांनी हात उचलला तेवढ्यात दारातून वॉचमन आत डोकावला.

“एमएच छब्बीस किसकी गाड़ी है जी? गेट के सामनेच लगाए सो. साब की जीप अटक गई.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. व्हॅनचा दरवाजा उघडाच अडकला होता आणि अण्णा बाहेर उभे राहून त्याला लाथा घालत होते.

साहेबांनी पत्रावर शिक्का मारला आणि ते माझ्या हातात दिलं.

“आलेलं नाही,” ते म्हणाले. “लवकर न्या.”